लक्ष्मणराव किर्लोस्कर : आराखडा आणि उत्तरदायित्व

'उत्तरदायित्व' हा शब्द आज परिपत्रकांतून, बैठकांच्या इतिवृत्तांतून आणि वार्षिक गोपनीय अहवालांतून वारंवार आपल्या दृष्टीस पडतो. आपल्यापैकी अनेकजण नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम पूर्ण करीत आहेत. कोणी सोलापुरातील टॉवेल-चादरींच्या कारखान्यात हिशेब पाहतात, कोणी एसटीच्या आगारात, कोणी शाळेत, तर कोणी पतसंस्थेत काम करतात. आपल्या कामाचे मोजमाप दुसऱ्या कोणी केल्याचा आणि ते अन्यायाचे वाटल्याचा अनुभव त्यांतील पुष्कळांना असेल. काम नेमके काय आहे हे आधी नीट सांगितले गेले नाही, आणि ते बिघडल्यावर जाब मात्र विचारला गेला, हा त्याहूनही सार्वत्रिक अनुभव होय. प्रस्तुत पाठात आपण ज्या उद्योजकाचे चरित्र पाहणार आहोत, त्याच्या आयुष्याला वळण मिळाले तेच मुळी अशा एका अन्यायकारक मोजमापातून.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात विद्येला मान होता. पण ही विद्या पोथीतली होती. लक्ष्मणाचे मन मात्र शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढणे आणि यंत्रे उघडून पाहणे या दोनच गोष्टींत तो तासन्‌तास हरवून जाई. अशा मुलाचे पुढे काय करावे हा प्रश्न त्या काळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाला साहजिकच पडला. थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, यांनी धाकट्या भावाचा कल ओळखून त्याला पाठबळ दिले आणि १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्यापुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. त्यांना रंगांतील काही भेद ओळखता येत नव्हते. ज्याला चित्रकार व्हायचे आहे त्याच्यासाठी हा आघातच होता. परंतु रेषेवरील त्यांचे प्रभुत्व अबाधित होते. रंगांची वाट बंद झाल्यावर त्यांनी यंत्रांच्या आराखड्यांचे रेखाटन शिकण्यास आरंभ केला. चित्र पाहणाऱ्याच्या मनात निरनिराळे अर्थ जागे करते आणि तोच त्याचा गुण मानला जातो. यंत्राच्या आराखड्याचे नेमके उलट असते. तो मुंबईत वाचला काय किंवा मँचेस्टरमध्ये वाचला काय, त्यातून एकच अर्थ निघाला पाहिजे. भोक किती रुंद, दांडा किती लांब, कोन किती अंशांचा हे सारे त्यावर आकड्यांत लिहिलेले असते. काम देणारा आणि काम करणारा यांच्यामधील संभाषणाचा इतका निःसंदिग्ध प्रकार दुसरा क्वचितच सापडेल. लक्ष्मणरावांच्या पुढील आयुष्याची भाषा हीच होती.

मुंबईत नव्यानेच स्थापन झालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये (आज ही संस्था वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते) ते यांत्रिक रेखाटनाचे साहाय्यक अध्यापक झाले. नोकरी मानाची होती. फावल्या वेळात ते संस्थेच्या कर्मशाळेत यंत्रांशी झटत असत. कालांतराने वरची एक जागा रिकामी झाली. अनुभवाने आणि कामाने ती लक्ष्मणरावांकडे येईल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला मिळाली. त्या काळच्या सरकारी आणि निमसरकारी व्यवस्थेत अशा निर्णयाची कारणे सांगण्याची प्रथा नव्हती, आणि कारण सर्वांना ठाऊकच असे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला.

हा प्रसंग चरित्रकार बहुधा स्वाभिमानाचे उदाहरण म्हणून सांगतात. ते खरेच आहे. परंतु त्यात आणखीही एक अर्थ दडलेला आहे. ज्या माणसाने वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना माप चुकले तर यंत्र चालणार नाही असे शिकविले, त्याचेच मोजमाप करताना संस्थेने माप बाजूला ठेवले आणि वंश पाहिला. माणूस पारखताना त्याच्या हातच्या कामाखेरीज दुसरे काही विचारात घ्यायचे नाही, हे तत्त्व पुढे त्यांच्या कारखान्यात इतक्या ठळकपणे का दिसते, याचे उत्तर मला तरी या राजीनाम्यात सापडते.

बेळगावात १८८८ मध्येच 'किर्लोस्कर ब्रदर्स' या नावाने सायकलींचे दुकान सुरू झाले होते. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली धाडत, रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. नोकरी सोडल्यावर लक्ष्मणराव बेळगावी परतले. दुकानाला लहानशा कारखान्याची जोड मिळाली आणि तेथे कडबा कापण्याचे यंत्र तयार होऊ लागले. त्यानंतर आला लोखंडी नांगर. विलायती नांगर पाहून तसाच देशी नांगर बनविणे लक्ष्मणरावांना कठीण गेले नाही. कठीण गेले ते तो विकणे. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते असा समज शेतकऱ्यांत दृढ होता. पहिले काही नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. या दोन वर्षांकडे केवळ चिकाटीची कथा म्हणून पाहू नये. विकत घेणारा शेतकरी हाच नांगराचा खरा परीक्षक होता. काळ्या, चिवट जमिनीत हरळीच्या मुळ्या उपटताना नांगर टिकला तर तो चांगला, मोडला तर वाईट. या परीक्षेत वशिला चालत नव्हता.

जम बसू लागला असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. यंत्रे होती, माणसे होती, पण पायाखालची जमीन गेली. या संकटात औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी साहाय्यास धावले. लक्ष्मणरावांनी औंधास बांधकामाचे काम केले होते. त्या कामाची पारख राजांना होती. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपयांचे कर्ज देऊ केले. १९१० मध्ये लक्ष्मणराव तेथे पोहोचले, तेव्हा त्या माळावर निवडुंग, साप आणि उन्हाळा यांखेरीज काही नव्हते. सुमारे २५ कामगार आणि त्यांची कुटुंबे त्यांच्याबरोबर आली. रेल्वेच्या कडेला झोपड्या उभ्या राहिल्या, मग कारखाना, मग घरे, शाळा आणि पाण्याची सोय. आजच्या सांगली जिल्ह्यात असलेली ही वसाहत पुढे किर्लोस्करवाडी म्हणून ओळखली जाऊ लागली.

या माळावर जमलेली माणसे पाहण्यासारखी आहेत. वसाहतीचा कारभार रामूअण्णांकडे आला. शंभुराव जांभेकर यंत्रांतील कोणतीही अडचण सोडविणारे अभियंता म्हणून नावारूपाला आले. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली होती. ते कल्पक यंत्रज्ञ झाले. के. के. कुलकर्णी यांना परीक्षांनी नापास ठरविले होते. कारखान्याने त्यांच्यावर व्यवहाराची मोठी जबाबदारी टाकली. मंगेशराव रेगे यांच्या हाती दप्तर आणि हिशेब आले. प्रमाणपत्रांच्या कसोटीवर यांतील काहींना कोणत्याही कचेरीच्या दारात उभे केले गेले नसते. लक्ष्मणरावांनी त्यांना कामावर घेतले, काम दिले आणि त्या कामावरून त्यांची योग्यता ठरविली. ज्याला स्वतः वेगळ्या मापाने मोजण्यात आले होते, त्याने इतरांसाठी माप बदलले.

आता कारखान्याच्या आत जाऊ. जबाबदारी निश्चित करणे तेथे किती अवघड असते हे ओतशाळेत उभे राहिल्याशिवाय उमगत नाही. नांगराचा एखादा ओतीव भाग घ्या. प्रथम सुतार लाकडाचा फर्मा करतो. त्यावरून साचेकार वाळूत साचा घडवितो. भट्टीवाला लोखंड वितळवितो, ओतणारे ते साच्यात ओततात, थंड झाल्यावर भाग बाहेर काढून साफ केला जातो आणि शेवटी तो लेथवर किंवा छिद्र पाडण्याच्या यंत्रावर जातो. तेथे पातीचा पहिला घाव बसताच आत पोकळी निघाली, तर दोष कोणाचा? वाळू ओली राहिली असेल, हवा निघायला वाट ठेवली नसेल, लोखंड पुरेसे तापले नसेल, किंवा फर्म्यातच खोट असेल. दोष प्रकट होतो शेवटच्या माणसाच्या हाती, आणि घडलेला असतो चार हात मागे. अशा ठिकाणी नुसता जाब विचारला तर प्रत्येकजण मागच्याकडे बोट दाखवितो. ओरडण्याने यातून मार्ग निघत नाही.

मार्ग निघतो तो आराखड्याने. प्रत्येक टप्प्यावर वस्तू कशी असावी हे आधीच कागदावर ठरलेले असेल, तर ती पुढच्या हाती जाण्यापूर्वीच पडताळता येते. फर्मा मापात आहे की नाही हे साचा घडण्यापूर्वी कळते. मग प्रश्न माणसाच्या स्वभावाचा राहत नाही, मापाचा होतो, आणि माप कारागिराला स्वतःलाही ताडून पाहता येते. आधुनिक व्यवस्थापनशास्त्र ज्याला कार्यमूल्यमापन म्हणते, त्याचा हा पाया होय. अपेक्षा आधी सांगावी, ती दोघांनाही सारखीच वाचता यावी, आणि परीक्षण कामाचे व्हावे. यांत्रिक रेखाटनाचा माजी अध्यापक ओतशाळेचा मालक झाला, या योगायोगाचे मोल येथे ध्यानात येते.

याच काळात जगात इतरत्र काय चालले होते तेही पाहणे उपयुक्त ठरेल. स्कॉटलंडमधील न्यू लानार्क येथील सूतगिरणीत रॉबर्ट ओवेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एक चमत्कारिक प्रयोग केला होता. प्रत्येक कामगाराजवळ लाकडाचा एक लहान चौकोनी ठोकळा टांगलेला असे. त्याच्या चार बाजू काळी, निळी, पिवळी आणि पांढरी अशा रंगविलेल्या असत. आदल्या दिवशी काम जसे झाले तशी बाजू समोर ठेवली जाई. काळी म्हणजे वाईट, पांढरी म्हणजे उत्कृष्ट. नोंद वहीत होई, आणि शेरा अन्यायाचा वाटला तर कामगाराला थेट ओवेन यांच्याकडे दाद मागता येई. पुढे १९११ मध्ये अमेरिकेत फ्रेडरिक टेलर यांचा वैज्ञानिक व्यवस्थापनाच्या तत्त्वांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांनी घड्याळ हाती घेऊन प्रत्येक हालचालीचा काळ मोजला. ओवेन यांच्या पद्धतीत शरम होती, टेलर यांच्या पद्धतीत घाई. दोन्हींत मोजणारा एका बाजूस आणि मोजला जाणारा दुसऱ्या बाजूस होता. (रंग न ओळखणाऱ्या लक्ष्मणरावांना ओवेन यांचा ठोकळा कितपत उपयोगी पडला असता, हा विचार गमतीदार आहे.)

किर्लोस्करवाडीतील एका गोष्टीची तुलना मात्र सोलापूरशीच करावी लागेल. वसाहतीच्या रखवालीसाठी लक्ष्मणरावांनी दरोड्याच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसांना नेमले. त्यांत एक रामोशी होता, एक मांग समाजातील. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियम होता. तरीही गावची किल्लीच चोर ठरलेल्याच्या हाती द्यायची, हे तेव्हाच्या समजुतींना धक्का देणारे होते. ते दोघेही भरवशाचे रखवालदार ठरले. त्याच सुमारास सोलापुरात काय होते? गुन्हेगार जमाती कायद्यान्वये अनेक जमातींतील कुटुंबांना तारेच्या कुंपणाआड वसविले जात होते. सोलापूरची सेटलमेंट मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक होती. तेथील स्त्री-पुरुष गिरण्यांत राबत आणि परत येऊन हजेरी देत. आज हे केवळ एका वस्तीचे नाव म्हणून उच्चारले जाते. त्यामागील हजेरी रद्द व्हायला १९५२ उजाडावे लागले.

दोन्ही ठिकाणी समाजाने ज्यांना गुन्हेगार ठरविले तीच माणसे होती, आणि दोन्ही ठिकाणी त्यांनी उत्तर द्यावे अशी अपेक्षा होती. सेटलमेंटमधील माणूस आपण कुठे आहोत याचे उत्तर देत होता. किर्लोस्करवाडीतील रखवालदार आपल्यावर सोपविलेल्या गोष्टीचे काय झाले याचे उत्तर देत होता. हजेरीपट आणि उत्तरदायित्व यांतील अंतर समजावून सांगण्यास याहून अधिक नेमके उदाहरण मला आढळलेले नाही. ज्याच्याकडे काहीच सोपविलेले नाही त्याला फार तर मोजता येते.

सोलापूरचा दुसरा धागा अधिक सुखद आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांचा जन्म १८९१ मध्ये सोलापुरात झाला. चित्रकलेचे शिक्षण घेतलेला हा तरुण काकांच्या कारखान्यात आला आणि जाहिरातीचे काम पाहू लागला. कारखाना आता मोठा झाला होता. पंचवीस माणसांना जे तोंडी सांगता येई ते शेकडो कामगारांना, गावोगावच्या विक्रेत्यांना आणि दूरच्या गिऱ्हाइकांना सांगणे शक्य नव्हते. आराखडा लोखंडाविषयी बोलतो. माणसांना एकमेकांविषयी सांगण्यासाठी वेगळे साधन हवे होते. किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली त्याच वर्षी, १९२० मध्ये, शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. नावातच त्याचा हेतू स्पष्ट होता. कारखान्यात काय तयार होत आहे, वस्तू कशी वापरावी, व्यवहार कसा करावा हे त्यातून सोप्या मराठीत सांगितले जाई.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी या घटनेकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्या भाषेतील नियतकालिकांचा इतिहास बहुतांशी पुणे-मुंबईच्या विद्वानांचा आणि सुधारकांचा आहे. येथे मात्र नांगरांच्या कारखान्याचे वार्तापत्र हळूहळू ललित आणि वैचारिक मासिक बनले. १९२९ पासून ते 'किर्लोस्कर' या नावाने निघू लागले; त्यापाठोपाठ १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके आली. महाराष्ट्राच्या सुशिक्षित घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. व्यवहारात नेमके बोलण्याची सवय जडलेल्या गद्याला पुढे साहित्यातही जागा मिळाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

असे असले तरी किर्लोस्करवाडीचे चित्र निर्दोष मानणे अभ्यासकाला शोभणार नाही. जेथे पगार, घर, पाणी आणि मुलांची शाळा एकाच मालकाच्या हातून मिळते, तेथे कामगार आठ तासांपुरता उत्तरदायी राहत नाही. नोकरी गेली तर छप्परही जाते. अशा गावात वरिष्ठांशी मतभेद व्यक्त करणे किती जणांना जमले असेल? मालक भला होता म्हणून व्यवस्था सुसह्य झाली. परंतु मालकाचा भलेपणा हा नियम नव्हे. ओवेन यांच्या गिरणीत निदान शेऱ्याविरुद्ध दाद मागण्याची रीत ठरलेली होती. आश्रयदात्याला जाब कोणी विचारावा, हा प्रश्न वसाहतींच्या या सगळ्या प्रयोगांत अनुत्तरित राहिला. गिरणगावांतील कामगार संघटनांनी त्याचे उत्तर वेगळ्या मार्गाने शोधले, आणि सोलापूरचा कामगार त्यात मागे नव्हता.

पुढील वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून शिकून आलेले पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये परतले. कारखान्यात पंप, तेलावर चालणारी इंजिने आणि लेथ तयार होऊ लागले. म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे बनविणारा कारखाना उभा राहिला, आणि १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. कारभाराची सूत्रे नव्या पिढीकडे गेली.

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली आणि पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर हल्ले सुरू झाले. किर्लोस्करवाडीलाही जमावाने आग लावली. अडतीस वर्षे माळावर उभारलेल्या वस्तूंचे आणि यंत्रांचे अतोनात नुकसान झाले. ज्या गावात माणसाची जात न विचारता त्याला काम दिले गेले होते, त्या गावावर जातीचे नाव घेऊनच हे संकट कोसळले. कोण कोणाला जबाबदार, हा प्रश्न त्या जळिताच्या वेळी कारखान्याच्या आराखड्यात मावणारा राहिला नव्हता. जळालेले पुन्हा बांधण्यात आले आणि कारखाना चालू झाला.

लक्ष्मणराव त्यानंतर आठ वर्षे जगले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, २० जून १९६९ रोजी, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानकाचे नाव त्याआधीच बदलले होते. पुणे-मिरज मार्गावरून जाताना आज त्या ठिकाणी किर्लोस्करवाडी अशी पाटी दिसते.